नळाला बांधलेली तार

दगडू घाडी नळाला कधी सरळ हात लावत नाही. आधी हाताची पालथी बाजू तोटीला टेकवतो, क्षणभर थांबतो आणि मगच नळ सोडतो. घरी तसंच, लग्नाच्या हॉलवर तसंच, देवळाबाहेर पाय धुतानाही तसंच. चाळीतली पोरं त्याची नक्कल करतात आणि मोठी माणसं वायरमनची खोड म्हणून सोडून देतात. करंट असला तर उघडा पंजा नळाला आवळून बसतो, पालथा हात झटकला जातो, हे त्यामागचं शास्त्र. ते खरंच आहे. पण वयाच्या पंचावन्न वर्षांपर्यंत दगडू नळाला चारचौघांसारखाच हात लावत होता. ही खोड लागली ती दोन घरं पलीकडचे वसंत धुरी गेले त्या सकाळपासून. का लागली, हे अख्ख्या चाळीत त्याच्या एकट्याच्या पोटात होतं.

ही चाळ लालबागमधली, तीन मजली. गिरणीवाल्यांची म्हणून बांधलेली आणि आता कुणाकुणाची झालेली. दगडूचा जन्म इथलाच. त्याच्या आधीचे दोन भाऊ जन्मल्यावर पाचवी पुजायच्या आतच गेले, म्हणून आईने याचं नाव दगडू ठेवलं. दगडाकडे यम कशाला बघेल? युक्ती लागू पडली. पोरगा जगला, नुसता जगला नाही तर अठराव्या वर्षी बापाच्या गिरणीतच चिकटला. बाप मागावर होता, हा विजेच्या खात्यात हेल्पर लागला, नाना मिस्त्रींच्या हाताखाली.

नाना मिस्त्री हा माणूस शिव्यांनीच शिकवायचा, पण शिकवायचा पक्कं. गिरणीच्या आवारात सहा ठिकाणी अर्थिंगचे खड्डे होते. जमिनीत खोल पुरलेला लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि जाडं मीठ, आणि उन्हाळ्यात रोज प्रत्येक खड्ड्यात दोन बादल्या पाणी. मशीनच्या अंगात चुकून वीज उतरली तर ती या वाटेने जमिनीत जाते, माणसाच्या अंगातून जात नाही. पाणी घालायचं काम दगडूचं. एकदा तो कंटाळून म्हणाला की एवढं पाणी झाडांना घातलं असतं तर आंबे तरी लागले असते. त्यावर नानांनी त्याला जे ऐकवलं ते त्याला अजून शब्दान् शब्द पाठ आहे. फेज चुकला तर दिवा लागत नाही, लोक लगेच बोंबलतात. अर्थिंग चुकलं तर काहीच होत नाही, सगळं झकास चालतं, आणि कुणाला कळायचं ते एकदाच कळतं. म्हणून नवीन लाइन ओढायची तर आधी अर्थिंग मोजायचं. काल मोजलं असेल तरी आज पुन्हा मोजायचं.

मग संप झाला, गिरणी गेली, नानाही गेले. दगडू पक्कड आणि टेस्टर घेऊन चाळीचाळींतून हिंडू लागला. कामाला तोटा नव्हता. या जुन्या चाळींत वीज आली ती दोन तारांवर, एका दिव्यापुरती आणि एका पंख्यापुरती. पुढे घराघरात फ्रीज आले, मिक्सर आले, गीझर आले. सगळ्यांना तीन पिनांचा प्लग हवा आणि तिसरी तार जोडायची कशाला, तर चाळीत अर्थिंगच नाही. यावर गिरणगावातल्या एकूण एक वायरमनने एकच तोडगा काढला होता. हिरवी तार न्यायची आणि मोरीतल्या नळाच्या पाइपला गुंडाळायची. पाइप लोखंडी, खाली रस्त्यातल्या मोठ्या लाइनपर्यंत जमिनीतून गेलेला. त्या काळी ही अर्थिंग तशी खोटी नव्हती. दगडूने एक्याण्णव साली एकदा ती मोजलीही होती. झकास आली. त्यानंतर त्याने ती कधी मोजली नाही, आणि नुसत्या या चाळीतच अठरा खोल्यांत नळाला तारा बांधल्या.

दोन हजार बारा साली तळमजल्यावरचा पाइप सडला. चाळ कमिटीने प्लंबर बोलावला. त्याने रस्त्यापासून पहिल्या मजल्यापर्यंत जुनं लोखंड काढून पांढरा प्लास्टिकचा पाइप घातला. दगडू तेव्हा तिथे उभा होता, हे मुद्दाम सांगायला हवं. तो कठड्याला टेकून ते काम बघत होता, प्लंबरबरोबर चहा पीत होता, आणि आता शंभर वर्षं बघायला नको, असं म्हणालासुद्धा. प्लास्टिकमधून वीज जमिनीत जात नाही हे शेंबड्या पोराला कळतं. वरच्या दोन मजल्यांवरचा लोखंडी पाइप आता अधांतरी राहिला आणि आपल्या अठरा तारा त्याच अधांतरी पाइपला बांधलेल्या आहेत, एवढी साधी गोष्ट या तीस वर्षं वायरी ओढलेल्या माणसाच्या डोक्यात आली नाही. पुढच्या वर्षी तेवीस नंबरच्या खोलीत त्याने गीझरची नवी लाइन ओढली, आणि हिरवी तार न मोजता, न बघता, नळाला गुंडाळली.

पाच महिन्यांनी त्या गीझरची कॉइल आतून फुटली. वीज त्याच्या अंगात उतरली, तिथून हिरव्या तारेत, तारेतून पाइपात. खाली जायला वाट नव्हती, म्हणून फ्यूज उडाला नाही आणि कुणाला पत्ता लागला नाही. मजल्यावरचा प्रत्येक नळ फक्त वाट बघत राहिला. इतर घरांत मोरीत रबरी चपला घालायची पद्धत होती. वसंत धुरी मात्र पाण्याला चपलेने जायचं नाही, या मताचे. अनवाणी पाय ओल्या मोरीत, मोरीच्या तळाशी सांडपाणी वाहून नेणारी, जमिनीपर्यंत गेलेली बिडाची जुनी नहाणी, आणि मुठीत पितळी तोटी.

हंडा पडल्याचा आवाज आला तसे सगळे धावले. दगडू पोचला तेव्हा वसंतदादांना खाटेवर आणलं होतं आणि नळ तसाच वाहत होता. तो बंद करायला दगडूने हात घातला आणि चपला असूनही दंडापर्यंत झिणझिण्या गेल्या. त्याने खिशातला टेस्टर नळाला लावला. टेस्टरमधला दिवा लागला. गर्दी खाटेभोवती होती, मोरीत तो एकटाच होता. तो उठला, तेवीसमध्ये गेला, गीझरचं बटण बंद केलं, हिरवी तार पकडीने तोडली आणि परत येऊन खाटेपाशी उभा राहिला. गल्लीतल्या डॉक्टरांनी बीपी बघितलेलं होतं, साखर माहीत होती, सकाळपासून छातीत जळजळतंय असं वसंतदादा घरात म्हणत होते हेही कळलं. अटॅक, असं लिहून दिलं. दगडूने पुढचा खांदा दिला.

पंधरवड्यात त्याने बाकीच्या अठरा खोल्यांतल्या ताराही तोडल्या. फुकट चेकिंग करतोय असं सांगितलं, आणि लोकांनी वर त्याला दुवा दिला. बोलला मात्र नाही. त्याची मुलगी सीमा हिचं लग्न ठरलेलं होतं, बायको आधीच गेलेली, पोलीस आले असते तर पोरीचं लग्न मोडलं असतं. निदान तेव्हा त्याने स्वतःला तसं सांगितलं. सीमाचं लग्न झालं, ती कुडाळला नांदायला गेली, तरी तो बोलला नाहीच. न बोलणं ही गोष्ट अशी आहे की पहिला आठवडा जड जातो, मग ती अंगवळणी पडते.

त्याच्या जागी त्याने दुसरं काही केलं. वसंतदादांच्या बायकोला, सुभद्रावैनीला, त्याने कधी काही कमी पडू दिलं नाही. वसंतदादा गेले आणि महिन्याच्या आत तिचा मुलगा राजेश बायको-पोरीला घेऊन बदलापूरला राहायला गेला तो गेलाच. सणाला नाही, आजारपणाला नाही. तेव्हापासून वैनीचं रेशन दगडूने आणलं, सिलेंडर दगडूने चढवला, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला रिक्षा दगडूने केली. रोज संध्याकाळी तो तिच्याकडे चहाला बसायचा आणि राजेशला शिव्या घालायचा. आजकालची पोरं, बायकोच्या मुठीतली. वैनी तेवढा वेळ बशी पुसत राहायची. पोटच्या पोरापेक्षा दगडू बरा, असं चाळ म्हणायची. ते ऐकताना दगडू मान खाली घालायचा आणि लोकांना तो विनय वाटायचा. चाळीत नवी लाइन ओढणंही त्याने त्या दिवसापासून बंद केलं होतं. लोक म्हणाले, म्हातारा झाला, माज आला. लोकांना काय, तोंडाला येईल ते बोलतात.

अकरा वर्षांनी एक फोन आला. राजेशची मुलगी पूर्वी, जाताना पाचवीत होती ती, आता लॅब टेक्निशियन झाली होती. परळच्या एका इस्पितळात तिला नोकरी लागली आणि तिने बापाला न विचारता आजीला फोन करून विचारलं की मी तुझ्याकडे राहायला येऊ का. सुभद्रावैनीने त्या दिवशी तीन वेळा केर काढला. पोरीला सकाळी सहाची ड्यूटी, गरम पाणी तर हवंच, म्हणून गीझर घ्यायचा ठरला. आणि तो बसवायचा दगडूनेच. दुसऱ्या कुणाचा हात तिला तिच्या घरात नको होता.

दगडू नाही म्हणू शकला नाही, पण अट घातली. नुसता गीझर लागणार नाही, आधी अर्थिंग होईल. कमिटीच्या सेक्रेटरीने कपाळाला हात लावला. बिल्डिंग दोन वर्षांत पाडायला जाणार, आता एका खोलीसाठी चाळीमागच्या घरगल्लीत खड्डा कशाला? दगडूने त्याचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन घरगल्लीत उतरला. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, दोन मजुरांच्या बरोबरीने, त्याने सात फूट खड्डा खणला. पाइप पुरला, कोळसा आणि मिठाचे थर भरले, पाणी ओतलं. ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरकडून मीटर मागून आणून अर्थिंग मोजलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. मग तांब्याची जाड तार भिंतीवरून दोन मजले वर आणली. बोर्डात नवा ईएलसीबी घातला, तो वीज जरा कुठे वाट चुकली की निमिषात बटण पाडतो. राहिली फक्त मोरी.

मोरीतलं काम असं असतं की माणसाचा हात आणि पाय एकाच वेळी ज्या ज्या लोखंडाला लागू शकतात, ते सगळं एकाच तारेने एकमेकांना बांधायचं. नळ वेगळा आणि नहाणी वेगळी राहू द्यायची नाही. दोन्ही एकाच तारेवर असली की त्यांच्यामध्ये उभ्या माणसातून जायला विजेला कारणच उरत नाही. दगडू मोरीत उकिडवा बसून नळाच्या पाइपला क्लॅम्प लावत होता. सुभद्रावैनी उंबऱ्याशी पाटावर बसून भिजवलेले वाल सोलत होती. दुपारची वेळ, चाळ शांत. ती चार दिवस हा खटाटोप बघत होती आणि तिला त्याची आता गंमत वाटायला लागली होती. बऱ्याच दिवसांनी तिचा जीव हलका होता.

"आमच्या लग्नापासून ह्यो नळ हा, दगडू," ती म्हणाली. "एवढ्या वर्सांत कोणाक काय झाला? कोण मेलो?"

दगडूची पक्कड थांबली. उत्तराची तिला गरज नव्हती, तिने ते सहज म्हटलं होतं. तो नुसता हसला असता तरी चाललं असतं, आणि अकरा वर्षं तो तसाच हसत आला होता. पण ज्या नहाणीवर वसंतदादांचे पाय होते तिच्यावर या क्षणी त्याचा हात होता, आणि सोमवारी त्यांची नात तिथे अनवाणी उभी राहणार होती. तो तिच्याकडे न बघता बोलला.

"वैनी, दादा अटॅकान नाय गेले. नळात करंट इल्लो. तो माझ्या वायरीतसून इल्लो."

मग त्याने सगळं सांगितलं. प्लास्टिकचा पाइप, तेवीसमधला गीझर, टेस्टर, तोडलेली तार. सांगताना त्याने काही लपवलं नाही, चहा पीत प्लंबरचं काम बघितलं तेही सांगितलं. वैनीचे हात वालावरून चालतच होते. साल निघत होतं, दाणा परातीत पडत होता. तो थांबला तेव्हा तीही थांबली. दगडूने मनात तयारी केली. ती किंचाळेल, परात अंगावर फेकेल, चाळ गोळा करेल. अकरा वर्षं त्याने हेच डोळ्यांसमोर आणून ठेवलं होतं.

तिने एवढंच विचारलं की छातीत जळजळत होतं त्याचं काय. दगडू म्हणाला, पित्त असेल. त्याचा काही संबंध नाही. छाती चांगली असती तरी गेले असते.

"माका वाटला, ढोंगा करतत," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "निजान होते. मीच उठवलंय. म्हटलंय, पाणी जातला, आधी दोन हंडे भरा, मगे निजा."

दगडूला हे माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं, एक राजेश सोडून. तो त्या सकाळी पलीकडे दाढी करत होता आणि त्याने आईचं बोलणं ऐकलं होतं. बाराव्याचं जेवण उरकल्यावर तो याच मोरीत हात धुवायला आला आणि आईला म्हणाला, बाबांच्या छातीत दुखत होतं, त्यांना तू मारलंस. पुढे एक शब्द बोलला नाही आणि खोली सोडून गेला. बायकोच्या मुठीत जाऊन नव्हे. वैनीने हे सगळं दोन-चार वाक्यांत सांगितलं. मुलाचं खरंच आहे असं तिला वाटत आलं होतं, म्हणून तिने कधी त्याला बोलावलंही नाही. दुखणाऱ्या माणसाला पाण्याला उठवणारी बायको कुठल्या तोंडाने बोलावणार?

 चूक दगडूने केली होती आणि शिक्षा त्याच्याच डोळ्यांसमोर, दोन घरं पलीकडे, ही बाई भोगत होती. तो रोज येऊन तिच्या हातचा चहा पीत होता आणि तिच्या मुलाला नावं ठेवत होता. आपण दादांचा जीव घेतला एवढंच त्याने आजवर स्वतःच्या नावावर धरलं होतं. ते नकळत झालं होतं. हे मात्र त्याने जाणूनबुजून, रोज थोडं थोडं केलं होतं. तो रडला, आणि आपण रडतोय याची त्याला लाज वाटली, कारण रडायचा हक्क तिचा होता.

ती रडली नाही. तिने विचारलं, "तुका त्याच दिवशी म्हायत होता?" त्याने होय म्हणून मान हलवली. तिने एकदा नहाणीकडे बघितलं. मग पदराला हात पुसून उठली, फळीवरचा फोन आणला आणि पूर्वीने घालून दिलेला राजेशचा नंबर काढून त्याच्यापुढे धरला. तो नंबर महिनाभर तिच्याकडे होता आणि तिने तो एकदाही लावला नव्हता.

"लाव. माका सांगलंस तसाच त्येका सांग."

राजेश ऑफिसात होता. अनोळखी नंबर म्हणून त्याने तुटकपणे उचलला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे पलीकडचा पंखासुद्धा ऐकू येत होता. दगडूने नाव सांगितलं आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं, पण गेलं नाही. राजेशने मध्ये कुठेही त्याला अडवलं नाही. शेवटी फक्त विचारलं की हे तुम्हाला कधी कळलं, आणि दगडू म्हणाला, त्याच दिवशी. 

"काका, आईला द्या," राजेश म्हणाला.

दगडूने फोन तिच्याकडे केला. या तीन शब्दांसाठी या बाईने अकरा वर्षं काढली होती, ती झडप घालून फोन घेईल असं त्याला वाटलं. तिने हात पुढे केला नाही. ती पाटावर बसली, परात मांडीशी ओढली आणि फोनकडे न बघता, पण ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"अटॅकान गेले असते, तर मी त्याची आई नव्हतंय? विचार त्येका."

दगडूने फोन तोंडाशी नेला, पण विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. राजेशने ऐकलं होतं. त्याने फोन ठेवला नाही. थोड्या वेळाने तो रडतोय हे कळलं, आधी दाबून, मग ऑफिसातल्या माणसांची पर्वा न करता. वैनीने ते सगळं शेवटपर्यंत ऐकलं. फोन बंद झाला तेव्हा तिने परातीतले वाल हाताने सारखे केले आणि उरलेले सोलायला घेतले. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. नहाणीवरचा क्लॅम्प अजून सैल होता. दगडूने पक्कड उचलली आणि तो आवळायला घेतला, कारण पूर्वी सोमवारी येणार होती.